मुलाखतीनंतरची रिकामी खुर्ची

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. मार्च महिन्यात एका महाविद्यालयाची जाहिरात वर्तमानपत्रात येते. सहाय्यक प्राध्यापकाची एक जागा. पदव्युत्तर पदवी हवी, नेट किंवा सेट हवी. मे महिन्यात मुलाखती होतात. नऊ उमेदवार येतात. कोणी रात्रीच्या एस.टी.ने आलेला, कोणी उसना कोट घालून आलेला. प्रत्येकाच्या काखेत प्रमाणपत्रांची फाईल. समिती प्रश्न विचारते, ‘कळवू’ म्हणते, चहा होतो. जून उजाडतो, वर्ग भरू लागतात, पण पत्र कोणालाच येत नाही. आणि जुलैत तीच जाहिरात, बहुधा त्याच शब्दांत, पुन्हा छापून येते.

प्रसंग कल्पित आहे. पण ज्याच्या घरात एखादा सुशिक्षित तरुण नोकरीच्या शोधात आहे, त्याला तो कल्पित वाटणार नाही. त्या नऊ जणांच्या मनात एकच प्रश्न येतो: ‘आम्ही नऊ जण होतो, जागा एक होती, मग एकही चालला नाही, याचा अर्थ काय?’ या प्रश्नाचा शक्य तितका विचार आज आपण करू.

पहिली गोष्ट अशी की, मुलाखत ही शर्यत आहे असे उमेदवार समजतो, आणि मालक तसे समजत नाही. शर्यतीत कोणीतरी पहिला येतोच. पण नोकरी देणाऱ्याच्या मनात, कधी कागदावर तर कधी केवळ मनातच, एक रेषा आखलेली असते. नवातला पहिलाही त्या रेषेच्या खाली राहिला, तर मालक म्हणतो, थांबू. आपल्याकडे मुलगी पाहायला जाणारी माणसे हेच करीत आली आहेत. दहा स्थळे पाहिली म्हणून दहांतून एकाला होकार द्यावाच लागतो असे नाही. ‘पत्रिका जमत नाही’ असे कळवून अकराव्या स्थळाची चौकशी सुरू होते.

ही रेषा उंच का असते? थोडे गणित करू. तिसाव्या वर्षी लागलेला अध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतो असे धरा. दर वर्षी १२० विद्यार्थी त्याच्या हाताखालून गेले, तर ३० वर्षांत ही संख्या ३,६०० होते. निवड चुकली तर ती चूक ३,६०० जणांना भोवते. जागा एक वर्ष रिकामी ठेवली, तर झळ १२० जणांना लागते. नेमलेला माणूस काढणे जितके अवघड, तितका नेमणारा अधिक सावध. एकदा दुधाने तोंड भाजलेली संस्था पुढे ताकही फुंकून पिते. परिवीक्षेचा काळ खऱ्या अर्थाने परीक्षेचा असता, तर ही भीती पुष्कळ कमी झाली असती. परंतु अनेक ठिकाणी तो केवळ उपचार उरला आहे.

अर्थशास्त्रज्ञांनीही हे कोडे हाताळले आहे. बाजारात भाजी उरली की भाव उतरतो आणि भाजी खपते. मग एकीकडे बेकार माणसे आणि दुसरीकडे रिकाम्या जागा, असे एकाच वेळी कसे राहते? पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडीस या तिघांना २०१० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच विषयावरील कामासाठी. त्यांच्या विचाराचा मथितार्थ असा की, माणूस आणि काम यांची गाठ पडण्यास वेळ लागतो, पैसा लागतो, आणि समोर आलेल्याला ‘नाही’ म्हणून पुढच्याची वाट पाहणे हे दोन्ही पक्षांना कधी कधी शहाणपणाचे ठरते. म्हणजे रिकामी जागा ही नेहमीच लबाडीची खूण नसते.

आता इतर कारणे पाहू. कित्येकदा समितीने निवड केलेली असते, पण निवडलेलाच येत नाही. चांगल्या उमेदवाराला दोन ठिकाणांहून बोलावणे असते. तो आठवडाभराने नकार कळवितो; तोवर दुसऱ्या क्रमांकाचा अन्यत्र रुजू झालेला असतो; तिसऱ्याविषयी समितीत एकमत नसते. कित्येकदा जाहिरातच चुकलेली असते. शिकविणारा हवा, संशोधन करणारा हवा, शिवाय कार्यालय सांभाळणाराही हवा, अशी तीन माणसांची कामे एका पदात कोंबली जातात. आपण मागतो तसा माणूस जगात नाही, हे मालकाला मुलाखती घेतल्यावर कळते. उमेदवाराची परीक्षा होते तशी त्या दिवशी मालकाचीही होते, आणि तो नापास झाला तरी निकाल मात्र उमेदवारांच्या नावावर लागतो.

सरकारी आणि अनुदानित संस्थांत आणखी एक कारण असते: नियम. बिंदुनामावलीत चूक निघाली, विषयतज्ज्ञ गैरहजर राहिला, पदाची मंजुरी अडकली, की सारी प्रक्रिया पहिल्या घरात येते. आरक्षणाचा हिशेब विभागनिहाय करावा, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ साली दिला; त्यातून असा गुंता झाला की अनेक विद्यापीठांतील भरती खोळंबली. अखेर २०१९ साली संसदेने कायदा करून केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी संपूर्ण संस्था हाच घटक ठरविला. त्या काळात ज्यांचे अर्ज वाया गेले, त्यांच्या लायकीशी या गोष्टीचा काडीचा संबंध नव्हता.

येथवर आम्ही मालकाची बाजू मांडली. पण नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मनातला माणूस या खेपेस पात्र ठरला नाही, म्हणून तो पात्र होईपर्यंत जागा राखून ठेवणे, हा प्रकार आपल्या समाजाला अपरिचित नाही. राखीव जागेसाठी पात्र उमेदवार समोर बसलेले असताना ‘कोणीही योग्य आढळले नाही’ असा शेरा मारला जातो, तेव्हा त्या रेषेची उंची कोणी व केव्हा ठरविली, असे विचारण्याचा समाजाला पूर्ण अधिकार आहे. न भरलेल्या राखीव जागा पुढील वर्षांत वेगळ्या मोजता याव्यात, म्हणून २००० साली ८१वी घटनादुरुस्ती करावी लागली, यावरूनच हा प्रश्न किती खोल आहे ते दिसते. आणखी एक मोह पैशाचा. कायम अध्यापकाचे काम तासिका तत्त्वावरील अध्यापक थोडक्या पैशांत करीत असेल, तर रिकामी खुर्ची भरण्याची घाई कोणाला असणार? येथे वाट पाहण्याचा खर्च एकाने सोसायचा आणि बचत दुसऱ्याच्या खिशात जायची, असा व्यवहार होतो.

कायदा याविषयी काय म्हणतो? १९५९ साली सेवायोजन कार्यालयांना रिक्त जागा कळविण्याची सक्ती करणारा कायदा झाला. जागा कळविण्याची सक्ती त्याने केली, भरण्याची केली नाही. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हरियाणातील न्यायिक सेवेचे प्रकरण आले. जागा १५ होत्या, किमान ४५ टक्के गुण मिळविणारे ४० होते; सरकारने ५५ टक्क्यांवरील पहिल्या सात जणांनाच नेमले. जागा रिकाम्या आहेत एवढ्यावरून नेमणुकीचा हक्क उत्पन्न होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. १९९१ साली शंकरसन दाश यांच्या प्रकरणात घटनापीठाने हेच तत्त्व कायम केले, पण त्याला मोलाची जोड दिली: जागा न भरण्याचा निर्णय मनमानीचा असता कामा नये, त्याला योग्य कारण हवे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या घटनापीठाने म्हटले की, भरती सुरू झाल्यावर, नियमांत तशी मुभा नसेल तर, खेळाचे नियम मध्येच बदलता येत नाहीत. थोडक्यात, रेषा उंच आखण्यास मनाई नाही. ती आधी आखली पाहिजे, आणि धावणारे निघाल्यावर सरकवता कामा नये. हे निर्णय शासनसंस्थांचे आहेत. खाजगी मालकावर एवढे बंधन नाही. पण लोकलज्जा तर आहे!

मग करावे काय? संस्थाचालकांना आमचे सांगणे असे की, जाहिरात देण्यापूर्वी रेषा कागदावर आखा, प्रतीक्षा यादी तयार ठेवा, आणि जागा भरायची नसेल तर दोन ओळींचे पत्र धाडा. ‘कोणाचीही निवड झाली नाही, पुन्हा जाहिरात देत आहोत, आपण पुन्हा अर्ज करण्यास हरकत नाही,’ एवढे लिहिण्यास फारसा खर्च येत नाही. ते न लिहिल्याने उसना कोट परत करणाऱ्या तरुणाच्या मनात जे साचते, त्याची किंमत मात्र फार मोठी असते.

आणि त्या तरुणाला? जुलैची जाहिरात पाहून ती फाडून टाकू नका. पहिल्या आणि दुसऱ्या जाहिरातीतील शब्द ताडून पाहा; बदल झाला असेल, तर मालकाला काय हवे आहे याचा धागा तेथे सापडेल. बदल नसेल, तर सरळ कारण विचारा. सरकारी संस्था असेल तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराने मागा. उत्तर आले तर चूक दुरुस्त करता येईल. नाही आले, तर दोष आपला नाही, एवढे तरी मनाशी पक्के होईल. आणि पुढच्या मुलाखतीला जाताना ताठ मानेने आत शिरण्यास तेवढे पुरेसे आहे.