पाच घरांत जोयडा

जोयडा, अणशी, उळवी, डिग्गी, अनमोड. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या या एकाच तालुक्यातली ही नावं रोमन लिपीत लिहा आणि अक्षरं मोजा. प्रत्येकाची पाच! पाच अक्षरी इंग्रजी शब्दांचा नाद लागलेल्या माणसाला हे दिसल्यावाचून राहत नाही, आणि मला तो नाद फार वर्षांचा आहे. तालुक्याचं जुनं नाव, सुपा, चार अक्षरांचं. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याला जोयड्याचं नाव मिळालं.

पंचाईत अशी की या खेळांत विशेषनामं चालत नाहीत. चालली असती तर स्क्रॅबलमध्ये जोयड्याला १३ गुण पडले असते. त्यातले आठ एकट्या 'जे'चे.

इतिहास झटपट उरकतो. 'ॲलिस'वाल्या लुईस कॅरल यांनी १८७९ मध्ये 'व्हॅनिटी फेअर'मध्ये एकेक अक्षर बदलत तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या शब्दापर्यंत पोचायचा खेळ सुरू केला. आर्थर विन यांचं शब्दकोडं 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आलं २१ डिसेंबर १९१३ रोजी. मंदीत नोकरी गेलेल्या अल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून स्क्रॅबलचं गणित बसवलं. जॉश वॉर्डल यांनी जोडीदार पलक शाह हिच्यासाठी केलेलं 'वर्डल' ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांना खुलं झालं आणि जानेवारी २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते विकतही घेतलं. पाच घरं, सहा डाव. अक्षर जागेवर असेल तर घर हिरवं, शब्दात असूनही जागा चुकली तर पिवळं. झालं.

आता माझ्या आवडीचा भाग. पावसाळ्यात याच तालुक्यातल्या गणेशगुडीच्या बाजूला मुक्काम असला की फोनची रेंज कधी असते, कधी नसते. मग मी आणि भाचा वहीवर घरं आखून बसतो. नियम आमचाच: शब्द पाच अक्षरी हवा आणि तो आसपासच्या रानातला किंवा स्वयंपाकघरातला हवा. भाच्याला वाटलं होतं, दोन पानांत खेळ संपेल. वही भरत आली.

सर्वांत लाडका शब्द ढोल. वाजवायचा नव्हे, डी-एच-ओ-एल-ई, म्हणजे आपला कोळसुंदा, रानकुत्रा. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याचं नाव 'काळी' ठेवलं. त्या जंगलात कोळसुंद्यांचे कळप आहेत. पण हा इंग्रजी शब्द आला कुठून, यावर शंभर वर्षं घोळ चालला. १८०८ मध्ये विल्यमसन नावाच्या लष्करी माणसाने लिहिलं की हे स्थानिक, लोकांच्या तोंडचं नाव. निसर्गअभ्यासक हॅमिल्टन स्मिथ यांनी त्याचा धागा तुर्की भाषेपर्यंत ताणला. पुढे प्राणिशास्त्रज्ञ लिडेकर यांनी सांगून टाकलं, की हे प्राणी जिथे राहतात तिथले लोक असला शब्द वापरतच नाहीत! मधल्या काळात किपलिंग यांनी १८९५ च्या दुसऱ्या 'जंगल बुक'मध्ये दख्खनच्या ढोलांची टोळी आणून तो शब्द घराघरांत पोचवला होता. मेरियम-वेबस्टर कोशाचा अंदाज कानडी 'तोळ'कडे बोट दाखवतो. तोळ म्हणजे लांडगा. कानडीत रानकुत्र्याला म्हणतात सीळुनायी, फाडणारा कुत्रा. तेव्हा कुण्या साहेबाने कुत्र्याकडे बोट दाखवलं असेल आणि उत्तर लांडग्याचं मिळालं असेल, असा माझा तर्क. त्याला पुरावा शून्य, पण मला तो सोडवत नाही.

दुसरा मानकरी कोकम. फळाला आपण रातांबा म्हणतो, गोव्यात भिरंड, कानडीत मुरुगल. इंग्रजी कोशांनी उचललं ते कोकम. के-ओ-के-यू-एम. पटावर मांडायला गेलं की गंमत कळते. स्क्रॅबलच्या शंभर सोंगट्यांत 'के' एकच, पाच गुणांचा. दुसऱ्या 'के'साठी कोरी सोंगटी खर्ची घालावी लागते आणि तिला गुण शून्य. म्हणजे १५ गुणांचं कोकम हाती येतं दहाला. गणेशगुडीला पर्यटक ज्या कयाकमधून नदीत उतरतात, त्या उलटसुलट सारख्याच शब्दाची कथा हीच: दोन 'के', एक सोंगटी कोरी, गुण अकरा. कोरी सोंगटी 'एस'साठी राखून ठेवणारे जाणते खेळाडू यावर नाक मुरडतील. मुरडू देत.

सुपारीचा 'अरेका' आणि विड्याच्या पानाचा 'बीटल' हे दोन्ही शब्द मल्याळममधून पोर्तुगीजांच्या तोंडी बसून इंग्रजीत गेले. अडक्काचं अरेका, वेट्टिलाचं बेटेल. याच तालुक्यातल्या कॅसलरॉक स्टेशनापुढे १९६१ पर्यंत पोर्तुगीजांची हद्द लागायची, म्हणून हे शब्द तिथे बसून मांडायला मला जास्त मजा येते. मराठीने थेट दिलेल्यांत मुंगूस आठ अक्षरी, म्हणून बाद. चाळ मात्र सी-एच-ए-डब्ल्यू-एल होऊन नेमकी पाच घरांत राहते.

दिवाळीच्या दिवसांत भाचा वर्डलचा पहिला डाव 'आरती'ने टाकतो. ए-ए-आर-टी-आय. वर्डलच्या मूळ यादीत चालणारे शब्द वर्णक्रमाने लावले तर हा चौथा येतो! पण दोन 'ए' म्हणजे एक घर जवळजवळ फुकट, असं माझं मत. मी 'लॉरिस' टाकतो: एल-ओ-आर-आय-एस. मोठ्या डोळ्यांचं, रात्री फिरणारं हे लाजवंती वानर याच जंगलातलं. दुसरा डाव 'इनॅक्ट', ई-एन-ए-सी-टी. दोन शब्द, दहा वेगळी अक्षरं, आणि वर्डलच्या मूळ उत्तरांच्या यादीत सर्वांत जास्त वेळा येणारी दहा अक्षरं नेमकी हीच. उरतात चार डाव. भाच्याचं म्हणणं, दुसरा शब्द रानातला नाही, तेव्हा आमच्या वहीत तो चालणार नाही. या दहांतून लॉरिसची पाच वजा करून उरलेल्यांचा रानातला शब्द त्याने शोधून दाखवावा, मी लगेच बदलतो.