नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली का?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सास्तूरमध्ये दगड-मातीच्या जाड भिंतींखाली घरंच्या घरं गेली. लातूर आणि उस्मानाबाद मिळून मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात होता. अशा पहाटे बाप आधी गेला की मुलगा, हे कोण सांगणार? पुरावा नसेल, तर हिंदू वारसा कायद्याचं २१ वं कलम असं धरून चालतं की वयाने लहान असलेला नंतर गेला. म्हणजे बापाच्या जमिनीतला मुलाचा वाटा क्षणभर मुलाकडे आला आणि त्याच्याकडून त्याच्या वारसांकडे गेला. मागे राहिलेली सून, तिची लेकरं, दुसऱ्या गावी दिलेली लेक, या सगळ्यांचे वाटे त्या एका गृहीतकावर ठरतात.

“मृत्युपत्राचं बघू, अजून वय कुठं झालंय?” असं कुणी म्हणालं की मला सास्तूर आठवतं. अठरा पूर्ण झालेल्या आणि भानावर असलेल्या कुणालाही मृत्युपत्र करता येतं. मन बदललं तर नवीन करता येतं. शेवटचं असेल ते धरलं जातं. आणि “आमच्याकडे आहेच काय” हेही खरं नाही. तीन एकर सोयाबीनचं रान आणि एक विहीर एवढ्यावरून सख्खे भाऊ वीस-वीस वर्षं कोर्टाच्या तारखा करतात. थोडक्यात संसार चालवणाऱ्या घराला तो खर्च जास्त बुडवतो.

आपल्या भागातला सगळ्यात पक्का गैरसमज सातबाऱ्याचा आहे. फेर झाला, नाव लागलं, मालकी मिळाली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गाव नमुना सात-बारा हे महसुलाचं रेकॉर्ड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मृत्युपत्राच्या आधारे मागितलेल्या फेरफाराच्याच प्रकरणात पुन्हा सांगितलं, की अशा नोंदीमुळे मालकी हक्क निर्माण होत नाही. हक्काचा वाद असेल तर दिवाणी कोर्टात जावं लागतं. जुन्या उताऱ्यांवर ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याचं नाव सगळ्यांच्या वतीने लागलेलं असतं. पुढे थोरल्याची नातवंडं म्हणतात, रान आमचंच. धाकट्यांच्या घरात तोवर जुना फेर पाहिलेलं कुणी उरलेलं नसतं.

तरीही वारस नोंद टाळू नका. नोंद नसली की पीककर्ज अडतं, नुकसानभरपाई अडते. २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, कारण कितीतरी उताऱ्यांवर अजून मयत माणसंच खातेदार होती.

बँकेतल्या पैशांबद्दल दुसरा घोळ होतो. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देऊन मोकळी होते. ते पैसे कुणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. हा धडा एका अतिशय परिचित मराठी घराच्या खटल्यातून पुन्हा मिळाला. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं. २०१३ मध्ये ते गेले. काही ठेवी आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनी नेमलेले होते, आणि त्यावरून प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला: शेअर्स आणि रोख्यांवर नॉमिनीचं नाव असलं, म्हणून तो इतर वारसांना डावलून मालक होत नाही. मृत्युपत्र केलेल्या माणसाच्या मागेही दहा वर्षं लागली. म्हणून ठेवी, फंड, सोसायटीचे शेअर्स हे सगळं नावानिशी मृत्युपत्रात आलं पाहिजे.

“लेकीचं लग्न लावून दिलं, आता तिचा काय वाटा?” हे वाक्य मला फार लागतं, कारण ते बहुतेक वेळा तिच्यासमोरच बोललं जातं. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी जन्मापासून मुलाइतकीच हक्कदार झाली, लग्न झालेलं असो वा नसो. बाप त्या तारखेला हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या रीतसर वाटण्या मात्र मोडत नाहीत. वारसांच्या शपथपत्रातून बहिणीचं नाव गाळणं हा सरळ खोटेपणा आहे. तिला स्वखुशीने सोडायचं असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नोटरीचा शिक्का पुरत नाही. आणि मृत्युपत्र नसेल तर बायकोला आपोआप सगळं मिळतं, हेही चूक. हिंदू पुरुषामागे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई, सगळ्यांचे वाटे सारखे पडतात. मुस्लिम कुटुंबांत नियम वेगळे आहेत: वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंतच देता येतं.

वडिलोपार्जित जमिनीचं मृत्युपत्र होत नाही, असंही म्हणतात. स्वतःच्या वाट्यापुरतं होतं. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल, किंवा जमीन देवस्थानाच्या वा दर्ग्याच्या सेवेची इनामी असेल, तर आधी जाणत्याला विचारा. निजामाच्या काळापासूनच्या अशा जमिनी आपल्याकडे बऱ्याच आहेत आणि त्या घरच्या जमिनीसारख्या वाटून देता येत नाहीत.

बाकी काम सोपं आहे. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. पण केलेली बरी, पुढे संशयाला जागा कमी राहते. दोन साक्षीदार लागतात आणि तुमची सही त्यांनी पाहिलेली असावी. सोबत तुम्ही भानावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नका. पुढे कोर्टात किमान एका साक्षीदाराला उभं राहावं लागतं, म्हणून ते आपल्यापेक्षा वयाने लहान बघा. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा उताऱ्यावर आहेत तशाच उतरवा. आणि कागद कुठल्या ट्रंकेत ठेवलाय, हे घरात दोघांना तरी सांगा.