पुडीच्या पाठीवरचे आकडे

अतिप्रक्रियायुक्त पदार्थ म्हणजे घरच्या स्वयंपाकात सहसा न लागणाऱ्या घटकांपासून कारखान्यात तयार होणारे खाणे. पारनेरसारख्या ज्वारी-बाजरीच्या तालुक्यातही किराणा दुकानांच्या दारात अशा पुड्यांच्या माळा लोंबतात. नूडल्सच्या मसाल्याची पुडी उलटी केली, की बारीक अक्षरांत ६२७, ६३१ असे आकडे दिसतात; हे चव वाढवणारे घटक. १०२ म्हणजे टार्ट्राझिन हा पिवळा रंग, तर २११ म्हणजे पदार्थ टिकवणारे सोडियम बेंझोएट.

अशा रंगांमुळे मुलांना अपाय होतो, ही शंका निराधार नाही. ठरावीक कृत्रिम रंग आणि बेंझोएट यांच्या मिश्रणाने मुलांची अतिचंचलता वाढल्याचे साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांना २००७ मध्ये आढळले. युरोपात २०१० पासून असे रंग असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर इशारा छापावा लागतो. रंगांपलीकडे, पावाच्या पिठात मिसळले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट भारताने २०१६ मध्ये बंद केले.

सर्वांत गाजले ते मॅगी नूडल्सचे प्रकरण. शिशाचे प्रमाण आणि चव वाढवणाऱ्या एमएसजीविषयीचा (मोनोसोडियम ग्लुटामेट) वेष्टनावरचा दावा यांवरून जून २०१५ मध्ये बंदी आली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती आणि तपासणीच्या प्रयोगशाळांना आवश्यक मान्यता नव्हती. खुद्द एमएसजीची भीती मात्र अवाजवी आहे. टोमॅटोतही ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असते. मुलांच्या दृष्टीने अधिक काळजीची गोष्ट म्हणजे त्याच पुडीतले मीठ, साखर आणि तेल. याच कारणाने महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स आणि शीतपेये हटवण्याचा आदेश काढला.