टाके सुकले, औषध केव्हा?

मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढून माणूस चिखली-मेहकरकडे परतला, की घरचे म्हणतात, "मूळच काढलं, आता कशाची भीती?" पण कागदावर डॉक्टरांनी 'पुढे केमोथेरपी' असे लिहिलेले असते. ती केव्हा सुरू करायची, येथेच पुष्कळदा घोळ होतो.

शेतातला कुंदा कितीही खोल खणा, मुळाचा एखादा तुकडा ढेकळात राहतोच. तसेच काही पेशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या, शरीरात राहिलेल्या असू शकतात. त्यांच्यासाठी हे औषध. ते सर्वांनाच लागते असे नाही. आतड्यालगतच्या लहान ग्रंथींत रोग पोचला असेल, म्हणजे तिसरी पायरी असेल, तर बहुधा देतात. पहिल्या पायरीत देत नाहीत. दुसरीत डॉक्टर लक्षणे पाहून ठरवतात. हे सारे कळते ते काढलेल्या गाठीच्या तपासणी-अहवालावरून.

मग दुसऱ्याच दिवशी का देत नाहीत? तर हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते, आणि जखम भरते तीही नव्या पेशींनीच. आतड्याचा जोड कच्चा असताना ते दिले, तर जोड उसवण्याची, आत पू होण्याची भीती. म्हणून साधारण चार आठवडे थांबतात. आपल्याला वाफसा समजावून सांगायला नको. चिखलात तिफण कोणी घालत नाही, पण वाफसा उडाल्यावर पेरलेलेही नीट उगवत नाही. सहा, फार तर आठ आठवड्यांच्या आत सुरुवात व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. पंधरा हजारांवर रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०११ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

हे आठवडे जातात कुठे? आमच्या आत्याबाईंच्या यजमानांचा अहवाल तीन आठवडे एका रुग्णालयात पडून होता. आम्हांला वाटले ते कळवतील, त्यांना वाटले आम्ही नेऊ. मग पेरणी आली. औषध सुरू झाले दहाव्या आठवड्यात. डॉक्टर रागावले नाहीत. तारीख पाहून नुसते गप्प झाले. मी प्राध्यापक माणूस, परीक्षेच्या तारखा तोंडपाठ. ही तारीख मात्र मोजली नाही!

तेव्हा दिवस मोजा ते शस्त्रक्रियेच्या तारखेपासून, घरी आल्यापासून नव्हे. गुरुजींनी शेजारच्या घरी कॅलेंडरवर खूण करून दिली तरी मोठे काम होईल. रुग्णालय सोडतानाच अहवाल कधी मिळेल ते विचारा, आणि नागपूरला किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जायचे असेल तर मलकापूर-शेगावहून गाडीचे आरक्षण तेव्हाच करा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र रुग्णालयात भेटतात. शिधापत्रिका व आधार कार्ड जवळ ठेवा.

गुदाशयाच्या कर्करोगाचा हिशेब निराळा. तेथे पुष्कळदा औषध व किरणोपचार शस्त्रक्रियेआधीच देतात.

ताप असेल, जखमेतून पाणी येत असेल, तर ते लपवू नका. डॉक्टर थोडे थांबतील. आणि आठ आठवडे उलटले असतील, तरी "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नका. उशिराने गुण कमी येतो, पण अजून द्यायचे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. उद्याच्याच गाडीने निघा.