राहुलाचा आरसा आणि नाचणाऱ्या मुली

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये समाजमंदिरात, विहाराच्या ओट्यावर, कुणाच्या गच्चीवर मुलींच्या नाचाच्या तालमी सुरू होतात. भीमगीत ठरते, मोबाईलवर एखादा व्हिडिओ शोधला जातो आणि दहा-बारा मुली त्यातल्या स्टेप्स जशाच्या तशा उचलू लागतात. पंधरा दिवसांत नाच बसतो. टाळ्या मिळतात. पुढच्या वर्षी नवा व्हिडिओ. दरम्यान त्यातल्या दोन-तीन मुली नाच सोडून देतात. कुणाचा गुडघा दुखू लागतो, कुणाला ‘तुला जमत नाही’ असे ऐकवले जाते, कुणाच्या घरी ‘आता मोठी झालीस’ म्हणून बंदी येते.

समाजकार्याच्या निमित्ताने आम्ही अशा मुलींसोबत काम करतो. आमच्या पाहण्यात जी टिकते ती सर्वांत लवचीक मुलगी असतेच असे नाही. बहुतेक वेळा ती सर्वांत जास्त विचारणारी असते. ही विचारण्याची सवय शिकवता येते आणि तिची रीत आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही.

मज्झिम निकायातील ६१ वे सुत्त म्हणजे अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्त. त्यात तथागत आपल्या मुलाला, राहुलाला, आरसा कशासाठी असतो असे विचारतात. निरखण्यासाठी, असे राहुल उत्तर देतो. मग तथागत त्याला समजावतात की शरीराचे, वाणीचे आणि मनाचे प्रत्येक कर्म असेच निरखावे. करण्याआधी, करत असताना आणि करून झाल्यावरही. यातून मला त्रास होईल का, दुसऱ्याला होईल का, दोघांना होईल का? अट्ठकथा सांगते की राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता. म्हणजे उपदेश लहान मुलाला पेलेल असाच आहे.

सुत्ताचा विषय शील आहे, नाच नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण शरीराचे कर्म तीन वेळा निरखण्याची ही शिस्त तालमीत जितकी चपखल बसते तितकी क्वचितच दुसरीकडे बसत असेल.

उदाहरण गुडघ्याचेच घेऊ. अर्धे बसून गुडघे बाहेर काढण्याची एक बैठक असते. भरतनाट्यमात तिला अरमंडी म्हणतात आणि आता ती समूहनृत्यांतही सर्रास दिसते. व्हिडिओतल्या नर्तिकेची पावले पूर्ण बाजूला वळलेली दिसतात, म्हणून आपली मुलगीही पावले जोर लावून वळवते. गुडघे मात्र पुढेच राहतात. पाय खुब्यातून वळायला हवा, तो गुडघ्यातून पिळला जातो आणि तेही समाजमंदिराच्या सिमेंटच्या फरशीवर. दोन आठवड्यांनी ती लंगडते आणि सगळे म्हणतात, हिला सवय नाही. तिला करण्याआधी एवढेच विचारायला शिकवले की ‘माझा गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेने आहे का?’, करताना ‘वजन टाचेवर आहे की चवड्यावर?’ आणि झाल्यावर ‘कुठे ओढ बसली?’, तर ती स्वतःहून पावले थोडी आत घेते. बैठक कमी रुंद दिसेल. दिसू द्या.

यात एक धोका आहे. स्वतःला प्रश्न विचारणे आणि स्वतःला टोचणे यांत मुलींची फार लवकर गल्लत होते, कारण टोचून घेण्याचा सराव त्यांना घरी-शाळेत भरपूर झालेला असतो. ‘मी अशी बेढब का?’ याला उत्तरच नसते, त्यामुळे तो प्रश्न नव्हेच. ‘तिसऱ्या मात्रेला माझा हात उशिरा का पोहोचतो?’ याला मात्र उत्तर असते. कधी खांदा आवळलेला असतो, कधी आधीच्या स्टेपचे वजन चुकीच्या पायावर राहिलेले असते. शोधायला गंमत वाटते, आणि ती गंमत म्हणजेच कुतूहल. राहुलोवादातली एक बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. निरखून कर्म चांगले आढळले तर त्याचा आनंद घेत पुढे शिकत राहावे, असेही तथागत सांगतात. आणि चूक आढळली तर ती शास्त्यापुढे किंवा जाणत्या सोबत्यांपुढे उघड करावी. वस्तीत नृत्यगुरू नसतो, सोबती असतात. म्हणून आम्ही मुलींना जोडीने बसवतो. मोबाईलवर दुसऱ्याचा नाच दहा वेळा पाहण्याऐवजी एकमेकींचा चित्रित करायचा, एका वेळी एकच गोष्ट पाहायची, फक्त पाय किंवा फक्त मान, आणि काय दिसले तेवढेच सांगायचे. छान-वाईट हा शब्द चालत नाही.

इथे काही ज्येष्ठ उपासक हमखास हरकत घेतात की धम्मात नाचगाणे वर्ज्य आहे. उत्तर स्पष्ट आहे. उपोसथाला अष्टशील घेणाऱ्यांसाठी आणि श्रामणेरांसाठी नाच, गाणे, वादन यांपासून दूर राहण्याचे शील आहे. रोजच्या पंचशीलात ते नाही. पण हरकतीला एवढ्यावर गप्प करणेही बरोबर नाही. संयुत्त निकायात तालपुट नावाचा नटांचा प्रमुख येतो. लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांमध्ये जन्मतो, असे जुने गुरू सांगत आले, ते खरे का, असे तो भगवंतांना विचारतो. ते दोनदा टाळतात, तो तिसऱ्यांदा विचारतो. उत्तर कटू मिळते. जो स्वतः राग, द्वेष, मोहात बुडून प्रेक्षकांनाही त्यात बुडवतो, त्याची गती चांगली नाही. तालपुट रडतो, या उत्तरामुळे नव्हे, तर आजवर फसवले गेलो म्हणून. पुढे तो रंगमंच सोडून भिक्खू झाला. थेरगाथेत त्याच्या नावावर दीर्घ गाथा आहेत आणि त्यांत तो आपल्याच चित्ताशी बोलतो. आपल्या मुलींनी रंगमंच सोडावा असे आम्ही म्हणत नाही. पण ‘माझा नाच पाहणाऱ्यात काय जागे करतो आणि माझ्यात काय?’ हा तालपुटाचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचायलाच हवा.

कारण आपल्या समाजात बाईच्या नाचाला जातीचा इतिहास चिकटलेला आहे. तमाशाच्या फडावर नाचणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतून आल्या. कला त्यांची, बदनामीही त्यांचीच. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, पण शृंगारिक लावणी बाजूला ठेवली, ती याच जखमेमुळे. इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांवर २०२२ मध्ये ग्रंथ लिहिला. अश्लीलतेचा शिक्का जातीशी कसा जोडलेला आहे हेच त्यांनी त्यात तपासले. तेव्हा नातीला कंबर हलवताना पाहून आजी तोंड फिरवते, ते बुरसटलेपणाने असेलच असे नाही. आजीला विचारायला हवे. आम्ही मुलींना तेच सांगतो.

एका तालमीत हे फार सुंदर घडले. गीत महाडच्या चवदार तळ्यावरचे होते, २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाचे. व्हिडिओत ‘पाणी’ या शब्दावर हात जोडून मान लववायची स्टेप होती. एका मुलीने विचारले, हात का जोडायचे, पाणी तर घ्यायचे होते ना? कुणाकडेच उत्तर नव्हते. मग ठरले की प्रत्येकीने घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला गावात पाणी कसे मिळायचे ते विचारून यायचे. दुसऱ्या दिवशी मुली ओंजळ घेऊन आल्या. वरून कुणीतरी ओतायचे, खाली ओंजळ धरायची, कोपरे बरगड्यांना टेकलेली, नजर ओतणाऱ्याच्या हाताकडे, भांड्याला स्पर्श नाही. एका आजीने ती बसल्या जागी करून दाखवली होती आणि नातीने ती निरखून आणली होती, बोटांच्या फटींसकट.

नाच त्यांनी मोडून पुन्हा बसवला. पहिल्या कडव्यात ती वर धरलेली ओंजळ. मग आठ मात्रा फक्त चालणे. मग सगळ्या जणी एकदम खाली वाकतात आणि स्वतः ओंजळ बुडवतात. त्या वाकण्यात गुडघा कुठे जातो, यावर त्यांचा दोन दिवस वाद चालला.