डफाची थाप आणि हारांचे ओझे

लंडनमध्ये १९७६-७७ च्या सुमारास 'पंक रॉक' या नावाने जे संगीत उसळून वर आले, त्याची ओळख आपल्याकडे बव्हंशी फाटके कपडे व रंगविलेले केस एवढीच झाली. वस्तुतः त्याच्या मुळाशी बेकार तरुणांचा संताप होता. दोन-चार सूर वाजविता आले तरी पुरे, आपले म्हणणे आपणच मांडावयाचे, ही त्याची प्रतिज्ञा होती. राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, म्हणजे १९७७ मध्ये, 'सेक्स पिस्टल्स' या वाद्यवृंदाने राष्ट्रगीताचेच शीर्षक उचलून एक जळजळीत गीत काढले, तेव्हा बीबीसीने ते वाजविण्यास नकार दिला. अवघ्या काही महिन्यांत, जानेवारी १९७८ मध्ये, तो वाद्यवृंदही फुटला.

युरोपातील या घटनेचे कौतुक करणाऱ्या मराठी वाचकाने स्वतःच्याच शहराकडे वळून पाहिले, तर त्याला अधिक मोठा इतिहास सापडेल. त्याआधी तीन दशके परळ-लालबागच्या चाळींपुढे, हातात डफ व तुणतुणे घेऊन, गिरणी कामगारांतून वर आलेले गायक हेच काम करीत होते. १९४४ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या मेळ्याचे नाव 'लाल बावटा कलापथक' आणि त्याचे आधारस्तंभ होते अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर.

या तिघांपैकी कोणीही संगीताच्या विद्यालयातून आलेला नव्हता. सांगली जिल्ह्यातील वाटेगावी १९२० मध्ये मातंग कुटुंबात जन्मलेले अण्णा भाऊ शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत. मुंबईत त्यांनी मिळेल ते काम केले, गिरणीत राबले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांची लेखणी चालू लागली. बार्शीचे मेहबूब पटेल, म्हणजेच अमर शेख, यांनीही गिरणीकामाचा अनुभव घेतलेला होता. त्यांचा पहाडी आवाज ध्वनिवर्धकावाचूनही मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचत असे.

या कलापथकाने जुन्या शाहिरीचा सांगाडा ठेवला आणि त्यातील प्राण बदलला. तमाशातील गणात गणेशाला वंदन करण्याची प्रथा होती. अण्णा भाऊंनी तेथे मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केले. पोवाड्याचा नायक राजा वा सरदारच असावा हा संकेतही त्यांनी मोडला. स्टालिनग्राडची झुंज, बंगालचा दुष्काळ, अमळनेरचे हुतात्मा कामगार हे त्यांच्या पोवाड्यांचे विषय झाले. मुंबई कोणाची, हा प्रश्न 'माझी मुंबई' या लोकनाट्याने थेट कामगारांपुढेच ठेवला. सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी जी वाट पाडली होती, तीच येथे गिरणीच्या दारापर्यंत आली, असे म्हणता येईल.

सत्तेने हे ओळखले नाही, असे नव्हे. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना तमाशावर व या कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. अण्णा भाऊंनी तमाशाला लोकनाट्य म्हणावयास प्रारंभ केला, आणि नाव बदलून तोच आशय पुन्हा लोकांपुढे उभा राहिला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी सभा गाजविल्या. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णा भाऊंची छक्कड वरवर पाहता पोटासाठी मुंबईस आलेल्या मजुराची विरहकथा. परंतु तिच्यात महाराष्ट्रापासून दुरावलेल्या सीमाभागाची व्यथा गुंफलेली आहे. घरची आठवण आणि राज्याचा प्रश्न एकाच कंठातून उमटावा, हे सामर्थ्य घोषणेत नसते, ते गाण्यात असते. शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या बलिदानानंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव, निपाणी व कारवार मात्र बाहेरच राहिले.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ विपन्नावस्थेत निधन पावले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख मोटार अपघातात गेले. ज्या श्रोत्यांसाठी हे गाणे जन्मले, त्यांच्यावरही पुढे आघात झाला. १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्या संपाचा रीतसर शेवट कधी झालाच नाही. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे व झगमगीत बाजार उभे राहिले.

आज अण्णा भाऊंची उपेक्षा होते, असे कोणी म्हणू शकणार नाही. २००२ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. हे योग्यच झाले. तथापि पुतळ्याला हार घालणे सोपे असते, कारण पुतळा प्रश्न विचारीत नाही. लंडनच्या पंकची गत काही निराळी झाली नाही. ज्या फाटक्या कपड्यांनी समाजाला डिवचले, तेच पुढे दुकानांत महागड्या दराने विकले गेले आणि संग्रहालयांच्या काचेआड जाऊन बसले. बंडखोर गाण्यावर दोन संकटे येतात. पहिले बंदीचे, दुसरे गौरवाचे. बंदीतून गाणे तगते, कारण ती त्याच्या अर्थाची कबुलीच असते. गौरवातून मात्र पुष्कळदा केवळ चाल उरते.

म्हणून या शाहिरांचे स्मरण करावयाचे, तर ते त्यांच्या प्रश्नांसह करावयास हवे. शाळा-महाविद्यालयांतून त्यांचे पोवाडे स्पर्धेपुरते म्हटले जातात. ते कोणत्या टंचाईवर, कोणत्या गोळीबारावर रचले गेले, हेही त्याच वेळी विद्यार्थ्याला कळले पाहिजे. ज्या गिरणगावाने हे गाणे जन्माला घातले, तेथील किती कुटुंबे आज त्याच ठिकाणी राहू शकतात, हा हिशेबही त्याच धड्याचा भाग आहे. 'माझी मुंबई' हे शीर्षक उच्चारताना त्यातील 'माझी' हा शब्द कोणाचा, याचे उत्तर देण्याची तयारी जोवर या शहराची होत नाही, तोवर त्या डफाची थाप कालबाह्य झाली असे कोणी समजू नये.