वाटाघाटींच्या आधीच्या वाटाघाटी

सशस्त्र बंडखोरांशी चर्चेचा विषय निघाला, की राजधानीत दोन भूमिका हमखास समोर येतात. आधी शस्त्रे खाली ठेवा, मग बोलू, ही सरकारची. आणि आधी सुरक्षा दले मागे घ्या, मग बोलू, ही बंडखोरांची. दोन्ही भूमिकांमध्ये एकच गल्लत आहे. चर्चेच्या शेवटी जे मिळवायचे असते, तेच चर्चेच्या आरंभी मागितले जाते. मिझोरामपासून आंध्र प्रदेशापर्यंतच्या अनुभवांचा मागोवा घेतला, तर बोलणी यशस्वी होणार की फसणार, याचा निर्णय बहुधा पहिल्या बैठकीपूर्वीच झालेला दिसतो. तो पूर्वअटींपेक्षा पूर्वतयारीवर अधिक अवलंबून असतो.

यशाचे उदाहरण मिझोरामचे. फेब्रुवारी १९६६ च्या अखेरीस मिझो नॅशनल फ्रंटने बंड पुकारले. मार्चमध्ये हवाई दलाने ऐजॉलवर हल्ले केले आणि पुढे असंख्य खेड्यांतील लोकांना उठवून रस्त्यालगतच्या वसाहतींत आणण्यात आले. असा कटू आरंभ असलेला हा संघर्ष ३० जून १९८६ च्या कराराने मिटला. मात्र, त्याचा पाया दहा वर्षे आधीच घातला गेला होता. लालडेंगा यांच्या फ्रंटने राज्यघटनेच्या चौकटीत तोडगा काढण्यास १९७६ मध्येच मान्यता दिली होती. त्यानंतरही बोलणी अनेकदा तुटली, १९८२ मध्ये फ्रंटवर पुन्हा बंदी आली; पण चौकट एकदा ठरलेली असल्याने चर्चेचा धागा पुन्हा उचलता आला. मिझो समाजात मोठा शब्द असलेल्या चर्चने दोन्ही बाजूंवर शांततेसाठी नैतिक दबाव ठेवला.

केंद्राच्या वतीने या करारावर स्वाक्षरी केली ती गृहसचिव राम प्रधान यांनी. पुढे मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतरच्या चौकशी समितीमुळे परिचित झालेल्या या मराठी सनदी अधिकाऱ्याचा तो गृहसचिव म्हणून अखेरचा दिवस होता. करारातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी स्वाक्षऱ्या झाल्या, मग ठरल्या मुदतीत शस्त्रे जमा झाली. काँग्रेसचे मुख्यमंत्री ललथनहवला यांनी लालडेंगा यांच्यासाठी पद सोडले आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये मिझोराम पूर्ण राज्य झाले. जंगलातून बाहेर येणाऱ्यास राजकारणात कोणती जागा मिळणार, हे त्याला आधी ठाऊक होते.

याच्या नेमके उलट चित्र आंध्र प्रदेशात दिसले. २००४ मध्ये सत्तेवर आलेल्या वाय. एस. राजशेखर रेड्डी सरकारने नक्षलवादी पीपल्स वॉर गटावरील बंदी पुढे चालू ठेवली नाही. निवृत्त सनदी अधिकारी एस. आर. शंकरन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या नागरिक समितीने वर्षानुवर्षे खपून वातावरण तयार केले होते. त्या वर्षी १५ ते १८ ऑक्टोबर या काळात हैदराबादेत गृहमंत्री के. जना रेड्डी आणि रामकृष्ण यांच्या नेतृत्वाखालील नक्षलवादी प्रतिनिधी समोरासमोर बसले. जमीनवाटपासारखे मूलभूत विषय पटलावर आले. तरीही दुसरी फेरी कधीच झाली नाही.

चर्चा अडली ती एका वरकरणी साध्या प्रश्नावर. शस्त्रसंधीच्या काळात नक्षलवाद्यांनी शस्त्रे घेऊन गावोगावी फिरावे का? सरकारच्या लेखी ते दहशत पसरविणे होते, तर नक्षलवाद्यांच्या लेखी शस्त्रे बाळगणे हा संघटनेच्या अस्तित्वाचा प्रश्न होता. शस्त्रसंधीचा अर्थ काय, भंग झाल्यास निवाडा कोणी करायचा, हे पहिल्या बैठकीपूर्वी लेखी ठरले नव्हते. चकमकी पुन्हा सुरू झाल्या आणि जानेवारी २००५ मध्ये माओवादी बाहेर पडले. १५ ऑगस्ट २००५ रोजी काँग्रेसचे आमदार नरसी रेड्डी यांची हत्या झाली. पाठोपाठ बंदी परतली. ठरायचे राहिलेले नियम दोन्ही बाजूंनी अखेर बंदुकीने ठरविले.

दुसरी आवश्यकता निरोप पोचविणाऱ्याच्या सुरक्षिततेची. २०१० मध्ये तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी माओवाद्यांना ७२ तास हिंसाचार थांबविण्याचे आवाहन केले. स्वामी अग्निवेश यांच्यामार्फत पत्रव्यवहार सुरू असतानाच, माओवाद्यांच्या बाजूने तो हाताळणारे आझाद जुलैच्या आरंभी आदिलाबादच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. ही ठरवून केलेली हत्या असल्याचा आरोप झाला. पुढे सीबीआयने चकमक खरी असल्याचा निष्कर्ष काढला. निष्कर्ष काहीही असो, संवादाचा तो मार्ग त्याच दिवशी बंद झाला.

तिसरी आवश्यकता सर्वांत दुर्लक्षित आहे. चर्चेच्या खोलीत नसलेल्यांचा विचार करावा लागतो. नागा बंडखोरांच्या इसाक-मुइवा गटाशी १९९७ मध्ये शस्त्रसंधी झाली. जून २००१ मध्ये बँकॉक येथे तिच्यात ‘प्रादेशिक मर्यादेविना’ अशा अर्थाचे शब्द घालण्यात आले. शेजारच्या मणिपूरने त्याचा अर्थ आपल्या राज्याच्या फाळणीची नांदी असा लावला. १८ जून रोजी इंफाळमध्ये विधानसभेची इमारत पेटविण्यात आली आणि त्या आंदोलनात १८ जणांचा बळी गेला. जुलैअखेर केंद्राला ते शब्द मागे घ्यावे लागले. ज्यांच्या भूमीचा प्रश्न होता, त्यांना आधी विश्वासात घेतले असते, तर हे टळू शकले असते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. शस्त्रसंधीचा वापर बंडखोर बळ वाढविण्यासाठी करतात, खंडणी उकळतात. म्हणूनच २०२५ मध्ये माओवाद्यांचे शस्त्रसंधीचे प्रस्ताव केंद्राने धुडकावले आणि शरणागतीचाच मार्ग खुला ठेवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह शस्त्रे ठेवली, हे त्या धोरणाचे यशच मानले पाहिजे. पण शरणागतीने बंदूक थांबते. वनहक्क, जमीन आणि खाणी यांविषयीचे प्रश्न तिने सुटत नाहीत. गडचिरोली आणि बस्तरमधील आदिवासींशी त्यावर बोलावेच लागेल आणि तेथे शरण येणारे कोणी नसेल.

शरणागतीचा मार्ग मणिपूरमध्ये तर उपलब्धच नाही. तेथे मे २०२३ पासून भडकलेल्या मैतेई-कुकी संघर्षात अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली आणि सुमारे साठ हजार बेघर झाली. हा दोन समाजांतील संघर्ष आहे. त्यात कोणी कोणाला शरण जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र, मणिपूर सरकार आणि कुकी-झो संघटना यांच्यातील कारवाई-स्थगितीचा करार नव्या अटींसह झाला. मणिपूरची प्रादेशिक अखंडता, छावण्यांचे स्थलांतर आणि संख्येत कपात, शस्त्रे सुरक्षा दलांच्या तळांवर हलविणे, तेथील सशस्त्र सदस्यांची प्रत्यक्ष पडताळणी, या बाबी त्यात लेखी आहेत. आंध्रमध्ये जे राहून गेले, ते येथे निदान कागदावर आले.

मात्र, मैतेई समाज या कराराचा पक्षकार नाही. २००१ मध्ये इंफाळ पेटले ते दूरवर झालेल्या अशाच एका करारामुळे. दोन्ही समाजांना मान्य होईल असा मध्यस्थ शोधणे आणि विस्थापितांच्या परतीचा निश्चित क्रम ठरविणे, ही कामे पहिल्या अधिकृत बैठकीपूर्वीची आहेत. त्यांची छायाचित्रे छापून येत नाहीत. परंतु, छावणीत राहणारे कुटुंब आपल्या गावी परतेल की नाही, हे याच कामांवरून ठरणार आहे.